मुलगा बघून घ्यावा

कोडोली,
९ जानेवारी २०२५

चि. अनेकांत,

जय जिनेंद्र. परवा तुझ्या आईचा फोन आला होता. तुला ठाऊकच आहे, मला फोनवर निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी माझ्या मनानं जुळवून घेते. ती म्हणाली ते मी "अनेकांतची गाडी गेली" असं ऐकलं. मी म्हटलं, जाऊ दे, जुनी झालीच होती, दुसरी घे म्हणावं. मग तिनं ओरडून सांगितलं तेव्हा कळलं, गाडी नव्हे, नोकरी.

ओरडून सांगायची गोष्ट नाही रे ही. बिचारीनं आधी खिडकी लावून घेतली असणार. म्हणून म्हणते, आपण दोघं पत्रानं बोलू. मी चौथीपर्यंतच शाळा पाहिली, पण तुझ्या काकांच्या दुकानात पुड्यांसाठी येणारी रद्दी वाचून संपल्याशिवाय मी कधी पुडी बांधली नाही. तेव्हा लिहायवाचायला मी कुणाला हार जात नाही.

नेमकं काय झालं ते सगळं लिही. आणि तुझा बायोडाटा पाठव. तुझ्या या मावशीनं पन्हाळ्यापासून शिरोळपर्यंत आपल्या समाजातली किती घरं जोडून दिली, ते लोक अजून दिवाळीला फराळाचा डबा पाठवतात. एवढ्या घरांत एक खुर्ची निघणार नाही होय?

जेवत जा वेळेवर.

तुझी,
त्रिशलामावशी


कोल्हापूर,
१५ जानेवारी २०२५

ति. त्रिशलामावशी,

नमस्कार. तिळगूळ आईनं वेगळा पाठवलाय, त्यातला निम्मा कडक झालाय, दाढेखाली धरू नकोस.

झालं ते असं. शिरोलीच्या आमच्या कारखान्यात मी नऊ वर्षं खरेदी खात्यात होतो. गेल्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीनं तो विकत घेतला. आता खरेदी सगळी पुण्यातून व्हायची, म्हणून इथलं खातंच बंद. साहेबांनी आत बोलावलं, बसायला सांगितलं, पाणी मागवलं. म्हणाले, "मगदूम, तुमच्याबद्दल कुणाचीही तक्रार नाही. फक्त तुमचं पद आता उरलेलं नाही." तेव्हापासून मी घरी आहे. माझ्या हातून चूक झाली असती तर मी ती सुधारली असती. पद उरलं नाही, याला काय करायचं ते मला कळत नाही.

गोकुळ शिरगावला एका ठिकाणी म्हणाले, तुम्हाला अनुभव फार आहे, तुम्ही टिकणार नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, अनुभव आहे, पण आमच्या धंद्यातला नाही. तिसरी मुलाखत कॉम्प्युटरवरून झाली. नेट अडकलं आणि मी पलीकडच्या बाईंना बराच वेळ तोंड उघडं ठेवून दिसत राहिलो. त्यांनी पुन्हा फोन केला नाही.

पुण्यात एका गोदामवाल्या कंपनीच्या ऑफिसात जागा आहे. पगार कमी, पण देतो म्हणतात. फेब्रुवारी संपायच्या आत त्यांना हो की नाही कळवायचंय. आईला सोबत ये म्हटलं, तर म्हणते, माझी बस्ती इथं, रोजचं दर्शन इथं, माझी माणसं इथं, मी कुठं येऊ, तू जा. जा म्हणताना ती माझ्याकडं बघत नाही. तिचा गुडघा तुला माहीत आहे. वरच्या मजल्यावर पाण्याची बादली कोण चढवणार, हे आम्ही दोघं एकमेकांना विचारत नाही.

म्हणून कोल्हापुरातच काहीतरी व्हावं असं वाटतं. बायोडाटा सोबत जोडलाय.

तुझा,
अनेकांत


कोडोली,
२१ जानेवारी २०२५

चि. अनेकांत,

तुझा बायोडाटा मिळाला. त्यात काही नाही. वडील कुणाचे कोण, आजोळ कुठलं, मामा काय करतात, याचा पत्ता नाही, आणि कॉम्प्युटरची इंग्रजी नावं मात्र पानभर. असला कागद बघून कोण कुणाला घरात घेईल? मी बसून माझ्या अक्षरात नवा लिहून काढला. तुझी उंचीही घातली. उंच माणूस कुठंही बरा दिसतो.

आता नीट वाच. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत जयपाल चौगुले आहेत, त्यांचा पशुखाद्याचा धंदा. आमच्या इथल्या दूधसंस्थेत त्यांचाच माल येतो. पोती उतरवायला आलेला माणूस परवा सांगत होता, शेठच्या ऑफिसात खरेदी बघणारा सोडून गेलाय, सगळा घोळ चाललाय. जयपालअण्णांना मी चांगली ओळखते. त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न मीच जमवलं. मी त्यांना पत्र टाकलंय आणि बायोडाटा जोडलाय.

काय लिहिलंय ते विचारू नकोस. थोरामोठ्यांना लिहायची एक रीत असते. नोकरी गेली, नोकरी द्या, असं उघडंनागडं लिहायचं नसतं. शहाण्या माणसाला अर्ध्या शब्दात कळतं. बोलावणं आलं की स्वच्छ शर्ट घालून जा आणि कमी बोल.

तुझी,
मावशी


कोल्हापूर,
३ फेब्रुवारी २०२५

ति. मावशी,

तू त्यांना काय लिहिलं होतंस ते मला काल कळलं. आधी घडलं तसं सांगतो, मग तूच ठरव मी तुझ्यावर रागवायचं की नाही.

जयपालअण्णांचा स्वतःचा फोन आला. म्हणाले, "रविवारी या पावणं, पाच वाजता. दिवस मावळायच्या आत उरकू. आणि येताना आईसाहेबांना घिऊन या." नोकरीला आई कशाला, असं मला वाटलं. पण घरगुती धंदा आहे, घरची माणसं बघून घेत असतील, असं मीच माझ्या मनाला समजावलं. प्रमाणपत्रांची फाईल घेतली, इस्त्रीचा शर्ट घातला.

त्यांच्या उंबऱ्यात रांगोळी होती. आई ती बघून थबकली. मी म्हटलं, चल की. तिनं पदर नीट केला. आता वाटतं, तिला तिथंच कळलं होतं.

आत सोफ्यावर अण्णा, काकू आणि त्यांच्या एक आत्या. मी फाईल समोरच्या टीपॉयवर ठेवली. काकूंनी ती उचलून खिडकीत ठेवली आणि तिथं पोह्यांची बशी मांडली. कांदा नव्हता, पण भरपूर खोबरं होतं. मग प्रश्न सुरू झाले. आजोळ कुठलं? शेती किती? रात्रीचं जेवता का? मी म्हटलं, ऑफिसात उशीर झाला तर डबा दिवस असतानाच खाऊन घेतो. आत्यांनी काकूंकडं बघून मान हलवली. मला वाटलं, चाललंय बरं.

मग अण्णा म्हणाले, "तुम्हाला काय इचारायचं असंल तर इचारा की." मुलाखतीत शेवटी असं विचारतातच. मी विचारलं, मला नेमकं काय काम बघावं लागेल?

अण्णा जरा गोंधळले. म्हणाले, "काम? काम म्हंजे काय, सगळं घरचंच की."

मी म्हटलं, आणि सुट्टी?

"सुट्टी कसली वो पावणं?"

मावशी, मला वाटलं हे कडक दिसतात, आपण नमतं घ्यावं. म्हणून मी बोललो ते शब्दाला शब्द लिहितो, कारण आई काल रात्रीपासून तेच आठवून हसतेय. मी म्हणालो, "पहिले सहा महिने मला पारखून बघा. नाही पटलं तर मोकळं करा, माझी काही तक्रार असणार नाही. आधीच्या ठिकाणी नऊ वर्षं होतो, तिथं विचारा पाहिजे तर."

आत्यांच्या हातातली बशी तशीच राहिली. काकू उठून उभ्या राहिल्या. आणि तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन आलेली मुलगी दारातच थांबली. हिरवी साडी, केसात गजरा, आणि ओठ घट्ट मिटलेले. ती हसू दाबत होती. ट्रे खाली ठेवत म्हणाली, "पप्पा, हे बघायला न्हाय आल्यात. नोकरीला आल्यात."

तेव्हा कुठं मला रांगोळी, गजरा आणि आईचा पदर, सगळं एकदम कळलं.

अण्णांनी खिशातून तुझं पत्र काढलं आणि मोठ्यानं वाचलं. "मुलगा घरचा आहे. बायोडाटा सोबत. बघून घ्यावा, आणि पसंत पडला तर पुढचं बोलू." आणि त्या बायोडाट्यात, मावशी, उंचीच्या खाली तू "वर्ण निमगोरा" असंही लिहिलं होतंस. आणि नोकरीच्या जागी लिहिलं होतंस, कारखान्यात खरेदी खात्यात आहे. आहे.

मला बोलावंच लागलं. म्हणालो, "ते खरं नाही. नोव्हेंबरात माझी नोकरी गेली. मी कामासाठी आलोय." इतके दिवस मी फॉर्म भरले, मेल लिहिले, पण हे वाक्य तोंडानं कधी म्हटलं नव्हतं. म्हटल्यावर वाटलं तेवढं वाईट वाटलं नाही. पोहे चांगले होते, तेही संपवले.

पुढचं नंतर लिहितो. आई चहाला हाक मारतेय.

तुझा,
अनेकांत


कोडोली,
८ फेब्रुवारी २०२५

चि. अनेकांत,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा चष्मा काढून डोळे पुसावे लागले, हसून म्हणते मी. तरी पण माझी चूक एवढी काय मोठी सांग बरं? आयुष्यभर मी एकाच जातीची पत्रं लिहिली. हात त्याच वळणानं गेला. आणि तुझी नोकरी गेली हे माझ्या अक्षरात कागदावर बघायला मला नको वाटलं. लिहिलं नाही म्हणजे ते झालंच नाही, असं काहीतरी मनात आलं असेल.

पण ऐक, गंमत पुढंच आहे. जयपालअण्णांचं पत्र आलंय. लिहितात, "अक्का, मुलगा पसंत हाय. नोकरी गेली तर गेली, तोंडावर खरं बोलला, हे आम्हाला आवडलं. जावई झाला की ऑफिस त्याचंच. पण आमची सोनल म्हणते, लग्नाचं राहू दे, त्यांना ऑफिसला ठेवूया. आता मला सांगा, ज्याला जावई म्हणून बघितलं, त्याला पगार कसा द्यायचा? आणि पगार दिला तर जावई कसा करायचा? बिलात चूक केली तर रागवायचं की पाट मांडायचा? स्थळ म्हणून आलेला माणूस, तुमच्याकडनं रीतसर नकार आल्याशिवाय आम्हाला पावणाच. पावण्याला कामाला लावायची आमची पद्धत न्हाय."

बघ, अनेकांत. मुलगी चांगली आहे, मी तिला लहानपणापासून बघते. एम.कॉम. झालीय, सगळं ऑफिस एकटी ओढते. हो म्हण. खुर्चीही मिळेल, घरही होईल, तुझी आई एकटी पडणार नाही. एका पत्रात एवढं सगळं जमलेलं मी कधी पाहिलं नाही. मी होकार लिहायला बसू का?

तुझी,
मावशी


कोल्हापूर,
१३ फेब्रुवारी २०२५

ति. मावशी,

बसू नकोस. आधी त्या दिवशीचं राहिलेलं ऐक.

अण्णा तुझ्या पत्राची घडी घालत होते, तेव्हा सोनल म्हणाली, आलेच आहेत तर ऑफिस तरी बघून जाऊ देत. ऑफिस घराच्या खालीच आहे. काकूंनी सोबत आत्यांना पाठवलं, त्या जिन्यातच बसल्या. सोनलनं साडीचा पदर खोचला, दिवा लावला आणि मक्याच्या बिलांचा ढीग माझ्यापुढं सारला. मी विचारलं, पोत्यांतला ओलावा वजनाच्या आधी बघता की नंतर? ती म्हणाली, कोणच बघत न्हाय. मग आम्ही त्यावरच बोललो. कारखान्यात ओतकामाच्या साच्यांसाठी वाळू यायची, तिथंही ओल असायचीच, ओल म्हणजे आपण पाण्याला पैसे देतो, हे मी तिला सांगितलं. तिनं पेन घेऊन लिहून घेतलं. पुरवठादार कोण, उधारी किती दिवसांची, मी मालाला नाही म्हणू शकतो का, सगळं विचारलं. ती खरी मुलाखत होती, मावशी. साडी नेसून आणि गजरा माळून घेतलेली.

शेवटी ती म्हणाली, "खरं सांगा, तुम्हाला काय पाहिजे?"

मी म्हटलं, नोकरी.

ती खुर्चीत मागं टेकली. म्हणाली, "बरं झालं. आजवर जो आला त्याला मी पाहिजे होते, न्हायतर ऑफिस पाहिजे होतं. काम कुणालाच नको होतं." मग म्हणाली, पप्पांना जावई पाहिजे आणि मला खरेदीला माणूस. तुम्ही जावई झाला तर मी तुमची चूक दाखवायची कशी? दाखवली तर रात्री घरात रुसवा, न दाखवली तर धंद्याचं नुकसान.

तिचं बरोबर आहे. आणि माझंही एक आहे. शिरोलीत मला म्हणाले, पद उरलं नाही. आता अण्णांनी मला लग्नासोबत खुर्ची दिली, तर ती खुर्ची माझी आहे असं मला कधीच वाटणार नाही. कुणीतरी मला कामासाठी घ्यावं, आणि काम नीट नसेल तर काढावं. एवढं मला एकदा तरी बघायचंय.

पुण्यावाल्यांचा काल पुन्हा फोन आला. महिनाअखेरपर्यंत थांबतात. अण्णा नकाराशिवाय कामाचं बोलणार नाहीत आणि नकार मी देऊ शकत नाही, तो मध्यस्थानंच द्यायचा असतो, असं आई म्हणते. तेव्हा मावशी, तुला लिहावं लागेल.

मला माहीत आहे तू माझ्या लग्नाची किती वाट बघतेस. तरीही सांगतो.

अनेकांत


कोडोली,
१७ फेब्रुवारी २०२५

श्री. जयपालअण्णा चौगुले, लक्ष्मीपुरी, कोल्हापूर

सविनय जय जिनेंद्र.

आपलं पत्र पोचलं. आपण चि. अनेकांतला पसंत केलंत, हा आपला मोठेपणा. आपल्यासारखं घर मिळणं ही भाग्याची गोष्ट. परंतु चि. सोनल आणि चि. अनेकांत यांची पत्रिका जुळत नाही असं दिसतं, तरी या स्थळाचा विचार पुढं नेता येत नाही. आपण गैरसमज करून घेऊ नये. चि. सोनलला उत्तम घर मिळो, हीच जिनेश्वराकडं प्रार्थना.

आपली,
त्रिशला

अण्णा, वरचं पत्र तिथंच संपलं. खालचं दुसरं आहे, ते वेगळं समजून वाचावं.

पत्रिका मी कुणालाही दाखवलेली नाही. दाखवली आणि जुळली तर माझा हात वरचं लिहायला धजला नसता, म्हणून दाखवलीच नाही. एवढ्या वर्षांत मी मुलींच्या घरांना नकार कळवले, ते मुलाकडच्यांच्या सांगण्यावरून. स्वतःच्या हातानं, स्वतःच्या पोराचा, तोही चांगल्या घराला, हा पहिलाच. आपण समजून घ्याल.

आता जे पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं ते लिहिते. माझ्या बहिणीच्या मुलाची नोकरी गेली आहे. त्याला नोकरी पाहिजे. तो खरेदीचं काम जाणतो. त्याची उंची, वर्ण, मामा, सगळं विसरा. काम बघा. नीट केलं तर ठेवा, नाही केलं तर काढा. मी मध्ये येणार नाही, आणि माझ्या ओळखीनं त्याचा पगारही वाढवू नका.

त्रिशला


कोल्हापूर,
२२ फेब्रुवारी २०२५

ति. त्रिशलाअक्कांना,

जय जिनेंद्र.

नकार पोचला. वाईट वाटलं. आमच्या हिनं तर चहा घेतला न्हाय सकाळी.

दुसरं पत्रही वाचलं. सोनलला वाचायला दिलं. ती म्हणाली, पप्पा, अर्ज असा असतो.

३ मार्चला, सोमवारी, दहाला पाठवा. पगार सोनल ठरवील, मी त्यात बोलणार न्हाय. डबा आणायला सांगा. आमच्यात जेवायला घालणार न्हाय, आता ते पावणं न्हाईत. आणि पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो, मी कामात शिव्या घालतो. तुम्ही ऐकून घेतलेलं बरं, त्यांच्याकडनं कळंल त्यापेक्षा.

आपला,
जयपाल चौगुले


कोल्हापूर,
११ मार्च २०२५

ति. मावशी,

दुपारच्या सुट्टीत लिहितोय. पुण्यावाल्यांना नाही म्हणून कळवलं. आईनं ते ऐकलं आणि पाण्याची बादली खालीच ठेवली. आता ती मी कामावर जाताना वर नेतो.

ऑफिसात मी मगदूम आणि त्या मॅडम. तू पुढचं काही विचारायच्या आत सांगतो, एवढंच आहे. पहिल्या आठवड्यात मी एका पुरवठादाराला ओल्या मक्यासाठी परत पाठवलं. तो अण्णांचा जुना दोस्त निघाला. अण्णांनी सगळ्यांदेखत मला असं झापलं की हमाल पोती टाकून ऐकत उभे राहिले. मी म्हटलं, ओला होता, अण्णा. मॅडमनी पोत्यात हात घालून बघितलं आणि म्हणाल्या, ओलाच हाय की, पप्पा. मग अण्णांनी दोस्तालाही झापलं.

रात्री घरी आलो आणि आईला सांगितलं, आज मला ऑफिसात बोलणी बसली. सांगताना मी इतका खूश होतो की तिला काळजी वाटली.

बाकी तुझी तब्येत, तुझं कानातलं मशीन आता शिट्टी वाजवत नाही ना, हे सगळं लिहायचं होतं, आणि आईनं एक निरोपही दिला होता, पण दारात मक्याची गाडी लागलीय आणि अण्णा हाका मारताहेत.

तुझा,
अनेकांत